उजेडात दिलेलं पाणी

एका बाईचा उजवा डोळा गेला, आणि तो माझ्यामुळे गेला. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, कारण मागाहून लिहायचं म्हटलं की मला सतराशे साठ कारणं सुचतात. ती सगळी माझी एकेकदा वापरून झालेली आहेत.

आमचं घर डायवाल्यांचं. डहाणूच्या किनाऱ्याला लागून काही गावं आहेत, तिथे होड्यांच्या बरोबरीने हा धंदा चालत आला. पोलादाच्या ठोकळ्यात दागिन्याची उलटी नक्षी कोरायची. त्या ठोकळ्याला डाय म्हणतात. सोनार त्यावर पत्रा ठेवून ठोकतो आणि मंगळसूत्राची वाटी म्हणा, कानातलं फूल म्हणा, तयार होऊन बाहेर येतं. मी बाबांजवळ बसून शिकलो. बसून म्हणजे अक्षरशः बसून. बाबा शिकवत नाहीत. ते आपलं काम करतात, आपण शेजारी बसायचं. चुकलं की ते आपल्या हातातली छिन्नी काढून घेतात, घटकाभर स्वतः चालवतात आणि परत हातात देतात. तोंडाने एक अक्षर नाही. मला वाटायचं, म्हाताऱ्याला बोलायचा कंटाळा आहे.

मग कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली. आम्ही आठ दिवस जी डाय कोरायचो ती मशीन चहा होईस्तोवर काढून देतं. सोनारांचे फोन कमी झाले, मग बंदच झाले. मला राग यायचा, कुणाचा ते कळत नव्हतं. आणि चिडलेल्या माणसाला गंडवणं सगळ्यात सोपं. मोबाईलवर एक गृहस्थ रोज दिसायचे. कोट घातलेला, मागे पुस्तकांचं कपाट. म्हणायचे, तुमच्या हातात जे आहे ते एकदा रेकॉर्ड करा, मग आयुष्यभर झोपेत कमवा. ज्याला काम येतं त्याला शिकवता येतंच. माल चांगला असला की माणसं आपोआप येतात. त्यांचा तीन दिवसांचा वर्ग मी केला, वही घेऊन, शाळेत कधी बसलो नाही इतका सरळ बसून.

बाबांना सांगितलं की आता आपली कला घरोघरी जाणार. ते छिन्नीला धार लावत होते. म्हणाले, “आणि शेजारी कोण बसणार?”

“शेजारी बसायची गरजच नाही बाबा. तीच तर सोय आहे.”

ते परत धार लावायला लागले. मला ती आपली जीत वाटली.

शूटिंगला लग्नाचे व्हिडिओ काढणारा डहाणू रोडचा एक मित्र आणला. चांगला माणूस, पण त्याला सगळ्यात नवरीच दिसते. छिन्नी वळवून वळवून दाखव म्हणायचा. मी ठोकताना चष्मा लावतो, साधा, नंबर नसलेला, पोलादाचा कण उडतो म्हणून. तो म्हणाला चष्म्यावर लाइट चमकतोय, काढ. काढला. असे आठ धडे झाले. नववा धडा पाणी द्यायचा.

कोरून झालेला ठोकळा मऊ असतो. तो भट्टीत लाल करून पाण्यात बुडवला की कडक होतो, त्याला पाणी देणं म्हणतात. सगळा जीव त्या लाल रंगात आहे. कमी तापला तर डाय मऊ राहते, दहा ठोक्यांत बसते. जास्त तापला तर काचेसारखी ठिसूळ होते आणि हातोडी बसली की फुटते. हवा तो लाल गुंजेपेक्षा जरा मळका असतो, आणि तो फक्त अंधारात खरा दिसतो. उजेडात तोच ठोकळा फिका वाटतो, मग माणूस तापवत सुटतो. म्हणून आमच्याकडे पाणी द्यायच्या वेळी, भर दुपार असली तरी, खिडक्या लावतात, दार ओढतात, बल्ब बंद करतात. लहानपणापासून हे इतकं अंगवळणी पडलेलं की तो कामाचा भाग आहे हेच मला कधी जाणवलं नव्हतं. चप्पल बाहेर काढतो तसं दार लावायचं. कुणी विचारलं असतं की पाणी कसं देतात, तर मी कोळसा सांगितला असता, सांडशी सांगितली असती, पाणी सांगितलं असतं. अंधार सांगितला नसता.

मित्र म्हणाला, अंधारात काय डोंबल दिसणार, आणि त्याने लग्नातले दोन मोठे दिवे खोलीत उभे केले. बाबा सांडशी खाली ठेवून उठले. “उजेडात मी पाणी देणार नाही,” म्हणाले आणि ओटीवर जाऊन बसले. मग मीच दिलं. कॅमेऱ्यासमोर, दोन दिव्यांत, घाम पुसत. ठोकळा मला लाल दिसेचना. तापवला, आणखी तापवला, मग पाण्यात टाकला. वाफेचा असा लोट उठला की मित्र खूश. बाहेरून, नुसता चर्र आवाज ऐकून, बाबा म्हणाले, “करपलं.”

मलाही कळलं होतं. तो ठोकळा मी कोपऱ्यात फेकला आणि दहाव्या धड्यात बाबांची जुनी डाय काढून तिच्यावर धडाधड हातोडी मारून दाखवली. बघणाऱ्याला वाटावं की हीच ती. एकदा मनात आलं, नववा धडा पुन्हा काढू. पण मित्राला पुढच्या दिवशी चारोटीला लग्न होतं, आणि वाफ फार सुंदर आली होती.

कोर्स चढवला आणि झोपलो. उठलो तर कोणी नाही. महिनाभर कोणी नाही. झोपेत कमवायचं राहिलं बाजूला, माझी झोप उडाली. मग मी दारोदार फिरल्यासारखा या ग्रुपवर त्या ग्रुपवर जाहिरात टाकत सुटलो, “घरबसल्या शिका, प्रमाणपत्र मिळवा.” हळूहळू काही जण आले. शहरातले हौशी, एक रिटायर्ड गृहस्थ, एक डॉक्टरीणबाई. दुसऱ्या धड्यात ठोकळ्याची बाजू कानशीने सपाट करायची असते, दोन दोन तास. तिथे सगळे थांबले. कोण कुठवर पोचलं ते मला दिसायचं. त्या कोटवाल्यांनी सांगितलं होतं की लोक मध्ये सोडतात याचं वाईट वाटून घेऊ नका. मला वाईट वाटतच नव्हतं, उलट बरंच वाटत होतं. कोणी नवव्या धड्यापर्यंत पोचत नव्हतं ना.

मग जिचा डोळा पुढे गेला त्या बाईचा फोन आला. तलासरीच्या पुढे एका पाड्यावर राहते म्हणाली. नवरा आणि ती दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, पाऊस जवळ आला की परत. मुलगी सातवीत. तिला एकदा आश्रमशाळेत ठेवलं होतं, आजारी पडून परत आली. मागे घरात ठेवावी तर सासूला स्वतःचंच होत नाही. म्हणजे भट्टीवर गेलं की मुलगी बरोबर, आणि शाळा बंद.

“मला यंदा जायचं नाही सर,” ती म्हणाली. “हे शिकून घरी काम मिळेल ना?”

आमच्याच हाताला काम उरलं नव्हतं. हे मला माहीत होतं आणि तिला नव्हतं. मी म्हणालो, “शिकलात तर का नाही मिळणार?”

तिने विचारलं, “मी बस धरून डहाणूला आले, तुमच्याजवळ बसले, तर चालेल?”

“काही गरज नाही ताई. सगळं व्हिडिओत आहे.”

दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण मी तर डोंगरावर बसून लोकांना हाका मारत होतो, या या, वाट सोपी आहे.

ती रोज फोटो पाठवायची. कानस मारलेली बाजू, आखलेली रेघ, छिन्नीचा पहिला चर. मी पोटतिडकीने सांगतो, हात असा पाहिला नव्हता. डावी उजवी बाजू सारखी, चर तळाशी स्वच्छ. मी आठव्या महिन्यात जिथे होतो तिथे ती पंधरा दिवसांत पोचली. बाबांना दाखवले. त्यांनी बोटाने फोटो मोठा केला, चष्मा वर केला, परत बघितला.

“हिला इथे आण,” म्हणाले.

“अहो, ती कोर्स करतेय ना.”

“आण म्हटलं ना.”

नाही आणली. ती इथे येऊन बसली असती तर माझा कोर्स कशाला लागतो, हा विचार आला होता, खोटं कशाला बोलू. उलट तिला विचारून तिचे फोटो मी जाहिरातीत टाकले, “आमच्या विद्यार्थिनीचं काम” म्हणून. ती केवढी खूश झाली. आणि त्यानंतर पहिल्यांदा कामाची माणसं यायला लागली, हौशी नव्हे, ज्यांना खरंच काही करून दाखवायचं होतं अशी. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

एक दिवस दुपारी बघितलं, ती नवव्या धड्यावर होती. वाटलं, फोन करावा, सांगावं की थांबा, अंधार करा, मी तिथे चुकलोय. पण चुकलोय हे कसं सांगायचं? सर म्हणते ती मला. म्हटलं, संध्याकाळी करू. संध्याकाळी पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी विसरलो. विसरलो असं मी तेव्हा म्हणत होतो.

तिसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याचा फोन आला. म्हणाला, डाय फुटली, डोळ्यात गेलं. तिने अंगणात, लख्ख उन्हात, व्हिडिओ शेजारी लावून ठोकळा तापवला होता. रंग माझ्यासारखा येईपर्यंत तापवला. पाणी दिलं. मग दहावा धडा लावून हातोडी मारली, चष्म्याशिवाय, कारण मी चष्म्याशिवाय मारली होती. तिथल्या दवाखान्याने पुढे पाठवलं, पुढच्यांनी आणखी पुढे, आणि शेवटच्यांनी सांगितलं की यायला उशीर झाला.

ती घरी आल्यावर मी भेटायला गेलो, मोसंबी घेऊन. माझ्यासारख्यांना अशा वेळी मोसंबीच सुचते. कुडाचं घर, सारवलेली जमीन, डोळ्यावर पट्टी बांधून ती भिंतीला टेकून बसलेली. नवरा दारात, सासू चुलीपाशी, मुलगी आईला चिकटून. तिने मला बसायला गोणपाट घालायला लावलं. मग फुटलेल्या डायचा मोठा तुकडा माझ्या हातात दिला आणि विचारलं, “सर, माझं कुठे चुकलं?”

तुकड्याची फुटलेली बाजू साखरेसारखी खडबडीत, चकाकणारी होती. करपलेल्या पोलादाची असते तशी. आतली वाटी मात्र इतकी सुरेख कोरलेली की बघवेना.

घरातली चारही माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “जास्त तापवलंत तुम्ही. लक्ष द्यायला हवं होतं.”

“हो,” ती म्हणाली. “माझंच चुकलं असेल.”

सासू चुलीजवळून बोलली, “मी सांगत होते. बाईने आपलं हातचं काम सोडून हे लोहाराचे धंदे कशाला करायचे. आता भोग.” नवऱ्याने होकाराची मान हलवली. मी ते ऐकून घेतलं. मोसंबी पुढे सरकवली. निघताना तिने मोबाईल दाखवला. दहाही धडे बघून झाले म्हणून प्रमाणपत्र आपोआप आलं होतं, वर तिचं नाव, खाली माझी सही. “हे दाखवलं तर कुठे काम मिळेल का सर?” डायच्या धंद्यात कागद कोणी बघत नाही. तुमच्या हातात ठोकळा देतात आणि बघत बसतात. मी म्हणालो, बघू, चौकशी करतो.

घरी आलो. तिसऱ्या दिवशी जेवताना बाबांनी विचारलं, “सांगितलंस तिला?”

“काय?”

“दिव्यांचं.”

मी ताटात बघत राहिलो. बाबा अर्ध्या जेवणावरून उठले. त्यांनी अन्न टाकलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर ते कामाला बसले की मी खोलीत गेलो तर हातातलं थांबवून बसायचे, मी बाहेर जाईपर्यंत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आम्हाला घेता येतात.

दिवाळी होऊन महिना गेला असेल, तेव्हा बाबा एकदा एवढंच म्हणाले, “तिला आण. माझ्याजवळ बसू दे. जमेल तेवढं.” मी लगेच तलासरीला गेलो. घराला कडी होती. शेजारणीने सांगितलं, मुकादमाचा टेम्पो आला होता, गेली सगळी, सासू तेवढी आपल्या लेकीच्या सासरी. कुठे, तर चारोटीच्या पुढे, मुंबईच्या अंगाला, हायवेच्या कडेच्या भट्ट्यांवर. नवऱ्याला फोन लावला. त्याने ठिकाण सांगितलं, का येताय ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा दुपार होती. नवरा साच्यातून विटा पाडत होता. मुलगी त्या ओल्या विटांच्या ओळीतून ओणवी होऊन पुढे सरकत होती, सुकलेली एकेक वीट कडेवर उभी करत. शाळेचाच फ्रॉक होता अंगात, चिखलाने लाल झालेला. तिने मला ओळखलं आणि परत खाली बघितलं. तिची आई मातीत पाणी घालून तुडवत होती. उजवी पापणी आत बसलेली.

मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि सगळं बोललो. दिवे, अंधार, बाबा उठून गेले ते, करपलेला ठोकळा कोपऱ्यात फेकला ते, दहाव्या धड्यात डाय बदलली ते, चष्मा. म्हणालो, “तुमची काही चूक नव्हती. मी शिकवलं तसंच तुम्ही केलंत. चूक माझी होती आणि ती मला आधीपासून माहीत होती.”

तिचे पाय थांबले. ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, “इकडे या. हे काय म्हणतात ते ऐका.” तो हात तसेच चिखलाचे घेऊन आला. तिने मला म्हटलं, “परत सांगा.” मी परत सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मारेल असं वाटलं, मारलं असतं तर मी हलणार नव्हतो. पण तो नुसता बायकोकडे बघून मान खाली घालून उभा राहिला. शेजारच्या ओळीतली माणसंही ऐकत होती.

“हे तेव्हाच घरात बोलायचं होतं,” ती म्हणाली. “इतके दिवस सगळ्यांचं ऐकून घेतलं मी.”

मी म्हणालो, बाबांनी बोलावलंय, चला, तिथे बसा, मुलीची शाळा डहाणूत बघू. ती म्हणाली, “चहा कपाबाहेर पडतो माझा आता. लांब काय, जवळ काय, कळत नाही. चर किती खोल गेला ते एका डोळ्याने कळेल?” मला खोटं बोलायची सवय झाली होती, तरी तेव्हा बोलता आलं नाही. नाही कळणार, म्हणालो. डायचं सगळं काम खोलीचं आहे.

ती परत माती तुडवायला लागली. मग थांबून, काहीतरी आठवल्यासारखं तिने विचारलं, “तो व्हिडिओ अजून तसाच आहे?”

तसाच होता. तिच्या कामाचे फोटोही जाहिरातीत तसेच होते. तिचा डोळा गेल्यापासून इतक्या आठवड्यांत तो व्हिडिओ काढून टाकावा असं माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मी माझ्या माफीतच गुंतलो होतो.

“आहे,” मी म्हणालो.

“मग इथे कशाला आलात? आधी तो काढा.”

तिथेच उभं राहून फोन काढला आणि कोर्स बंद केला. बंद करण्याआधी यादी बघितली. तिच्यानंतर चार जण नवव्या धड्यापर्यंत पोचले होते. सगळे तिचे फोटो बघून आलेले. हायवेच्या कडेला, ट्रकच्या आवाजात, मी एकेकाला फोन लावला. पहिल्याने ठोकळा अजून कोरून झाला नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्याने कोळसा आणून ठेवला होता, त्याला थांबवलं. तिसरी बाई माझ्यावर चिडली आणि पैसे परत मागितले, देतो म्हटलं. चौथ्याने दहाही धडे पूर्ण केले होते, त्याला प्रमाणपत्र गेलं होतं. त्याचा फोन वाजत राहिला. त्या दिवसापासून मी रोज लावतोय, आणि तो अजून कोणी उचललेला नाही.